हल्याळच्या मावशींना, काठापासून शिवायला शिकवल्याबद्दल

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

बारा इंची गोधडी, सात दिवसांची मुदत आणि ‘पहिला पाऊस’ हा विषय. या चॅलेंजसाठी तुम्ही फोनवर आणि व्हॉट्सअॅपच्या फोटोंवरून जे शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की पुढच्या वेळी ज्या कुणी असं छोटं काम मुदतीत करायला बसतील त्यांनाही तुमची पद्धत मिळावी. ती कुणाची आहे हेही त्यांना कळावं.

आपल्याकडची गोधडी आधी थरावर थर अंथरून, टाचून मग शिवतात. नव्या पद्धतीचं क्विल्ट करायचं तर आधी तुकडे जोडून वरचा थर पुरा करायचा, मग तीन थर टाचायचे, मधून बाहेर शिवत जायचं आणि शेवटी चारी बाजूंनी गोट लावायचा. अशा क्विल्टमध्ये काठाचं काम राहतं शेवटच्या दिवसासाठी. मुदतीचं काम फसतं ते तिथेच. गोट हे सगळ्यांत काटेकोर काम, त्यात कोपरे वळवायचे आणि हातात वेळ नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे तुम्ही सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी ही तुमची गोधडी शिवता ती मात्र काठापासून आत. पहिल्याच दिवशी काठ पक्का होतो, कोपऱ्याची फुलं (कापडाच्या घडीचे छोटे त्रिकोण) लागतात, आणि तिथून पुढे काम कधीही थांबलं तरी कडा नीटच असते. पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून घाटावरच्या जंगलात वस्ती केलेल्या लोकांनी जपलेली ही रीत सात दिवसांच्या चॅलेंजला इतकी चपखल बसेल हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तुम्ही सांगितलेली मापं इथे लिहून ठेवतो. तुम्ही वितीने आणि बोटांनी सांगितलीत, आम्ही त्यांचे इंच केले.

अस्तर साडेतेरा इंचांचा चौरस, चारी बाजूंनी पाऊण इंच आत दुमडायचा, की बारा इंच उरतात. आत जुन्या मऊ लुगड्याचे दोन थर, पावणेबारा इंचांचे. ते अस्तराच्या घडीखाली सरकवायचे. बाजारातली फुगीर पॉलिस्टरची वॅडिंग (आतला भराव) घेऊ नका असं तुम्ही ठासून सांगितलंत. ती टाक्याखाली दबते आणि टाका सुटला की पुन्हा फुगते, त्यामुळे छोट्या तुकड्यांच्या घड्या वर उचलल्या जातात. शिवाय गरम इस्त्री लागली तर चपटी होऊन बसते.

वरच्या तुकड्यांसाठी अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या, सगळ्या मिळून साधारण शंभर इंच. लांबी तीन ते पाच इंच, मुद्दाम सारखी नाही. पट्टीची बाहेरची बाजू पाव इंच आत दुमडायची. आतली बाजू तशीच कच्ची सोडायची, कारण पुढच्या फेरीची (चारी बाजूंच्या आतल्या वेढ्याची) पट्टी तिच्यावर अर्धा इंच चढते. म्हणजे अडीचातले पावणेदोन इंच दिसतात. तीन फेऱ्या झाल्या की मध्ये दीड इंचाचा चौकोन राहतो. त्यावर दोन इंचांचा तुकडा चारही बाजूंनी पाव इंच दुमडून बसवायचा. एका फेरीत पुढचा तुकडा लावताना त्याची सुरुवातीची बाजू दुमडून आधीच्या तुकड्यावर अर्धा इंच चढवायची. फक्त फेरी बंद करणाऱ्या शेवटच्या तुकड्याला तीन बाजू दुमडाव्या लागतात. ही एक गोष्ट विसरली तर धागे सुटलेली कड वरच दिसत राहते, आणि ती झाकायला नंतर ठिगळाशिवाय उपाय नसतो.

आता फुलं. दोन इंचांच्या चौकोनाला दोनदा तिरपी घडी घातली की दोन इंच पायाचा आणि एक इंच उंचीचा त्रिकोण होतो. तो कोपऱ्यात, अस्तराची घडी आणि वरचा पहिला तुकडा यांच्यामध्ये सरकवायचा आणि अर्धा इंच बाहेर ठेवायचा. त्रिकोणाचेच चार थर, शिवाय अस्तर दोनदा दुमडलेलं, लुगड्याचे दोन आणि वरचा तुकडा. एवढ्यातून सुई जातच नाही. म्हणून फुलासाठी मलमल किंवा झिरझिरीत सुतीच घ्यायची, आणि आतल्या लुगड्याचे कोपरे अर्धा इंच तिरपे छाटून टाकायचे. हे छाटणं तुम्ही फोटोवर लाल रेघ मारून दाखवलंत. आमच्या सगळ्यांच्या कामाचे कोपरे टोकदार निघाले ते त्या रेघेमुळे.

धावदोऱ्याबद्दल तुमचं म्हणणं असं: प्रत्येक पट्टीवर तीन ओळी, पहिली घडीच्या अगदी कडेला. अंतर अर्ध्या इंचाहून थोडंच जास्त. एका इंचात पाच टाके. आम्ही हिशेब केला. तीन फेऱ्यांच्या नऊ ओळी आणि मधल्या चौकोनाची एक, मिळून सुमारे दोनशे साठ इंच, म्हणजे जवळजवळ बावीस फूट. इतक्या थरांतून तासाला दोन फूट शिवून होतात असं धरलं तर अकरा तास. रोज दोन तास काढले तर दुसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत दहा तास होतात. उरलेला तास आणि धुणं, वाळवणं, कापणं पहिल्या आणि सातव्या दिवसाच्या वाट्याला. वेळ वाचवायला ओळी विरळ कराव्या असं मनात येतं, पण कवंदीत ते चालत नाही. शेजारच्या दोन तुकड्यांचा जोड वेगळा शिवलेला नसतो, त्याला या ओळीच धरून ठेवतात. अंतर एक इंच झालं की जोडांची तोंडं उघडी पडतात आणि त्यात बोट अडकतं. वेळ वाचवायचाच असेल तर तुकडे लांब घ्यावेत, म्हणजे जोड कमी होतात. हा सल्लाही तुमचाच, आणि आमच्या मते सगळ्यांत कामाचा.

दोरा हातभर, जास्त नाही. लांब दोरा प्रत्येक टाक्याला इतक्या थरांतून घासून जातो, त्याला लव येते, मग गुंता आणि तुटणं. मेणावरून एकदा ओढून घेतला तर बरा चालतो. गाठ झटका देऊन आतल्या थरात ओढायची, कारण कवंदीची मागची बाजूही बघायचीच असते.

दोऱ्याच्या ओढीवर तर तुम्ही आम्हांला पुन्हापुन्हा थांबवलंत. काठाची पहिली ओळ घट्ट झाली की काठ आखडतो, मधलं कापड मावेनासं होतं आणि मध्ये फुगवटा येतो. उलट काठ सैल आणि आतल्या ओळी घट्ट, तर कडेला झालर पडते. दोन्ही दोष शिवताना दिसत नाहीत, काम टेबलावर टाकलं की दिसतात. म्हणून दर चार-पाच टाक्यांनी अंगठ्याने कापड सपाट करत जायचं, आणि प्रत्येक फेरी झाली की काम सपाट जागी टाकून बघायचं. फुगवटा आलाच तर सगळं उसवायची गरज नाही. पहिल्या ओळीचा दोरा एका बाजूच्या मधोमध कापायचा, दोन्हीकडे चार-चार टाके सैल करायचे, कापड सरळ करून पुन्हा गाठी मारायच्या. कोपऱ्यावर मात्र सुई बरोबर वळणाच्या बिंदूतच खाली गेली पाहिजे. एक टाका आधी वळलात तर तिसऱ्या फेरीपर्यंत चौकोनाचा गोल होतो.

विषयाचंही तुमच्यामुळेच सुटलं. पहिला पाऊस म्हटलं की छत्री, ढग, बेडूक, कागदी होडी असं सगळंच बारा इंचांत कोंबावंसं वाटतं. तुम्ही विचारलंत, “आमची फेरी भायेरसून भितर येता, तुमचो पावस खंयसून येता?” (आमची फेरी बाहेरून आत येते, तुमचा पाऊस कुठून येतो?) तिथेच रचना ठरली. बाहेरच्या फेरीत तापलेल्या मातीचे रंग, विटलेला तांबूस, बदामी, राखट. दुसऱ्या फेरीत ढगांचे, शिशासारखा करडा आणि गडद निळा. तिसरीत भिजलेल्या मातीचा काळपट तपकिरी, आणि मधल्या दीड इंचात एकच कोवळा पोपटी. चित्र एकही नाही. रंगांची उजळ-गडद उतरंड जमली की नाही हे बघायला तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढावा. दोन फेऱ्या फोटोत एकाच राखाडी रंगाच्या दिसल्या तर त्या भिंतीवरही एकमेकींत मिसळून जातात, रंग कितीही वेगळे असोत.

पावसाच्या तिरप्या धारा शेवटच्या दिवशी. सगळ्या फेऱ्या पक्क्या झाल्यावर पांढऱ्या दुपदरी दोऱ्याने, एकाच कलाने, काही लांब काही आखूड. आधी घातल्या असत्या तर तिरप्या ओढीने चौकोन वाकडा झाला असता, कारण कापड उभ्या-आडव्या धाग्यांत ताणत नाही पण उरेबात, म्हणजे तिरप्या दिशेत, ताणतं. या धारा मध्यावर विरळ ठेवाव्यात, नाहीतर पोपटी रंग झाकला जातो.

कापडाची निवड जुन्या साड्यांतूनच करा हा तुमचा आग्रह होता आणि तो खरा आहे. जुनं सुती आटून झालेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, सुईही सहज जाते. फक्त साडी उजेडासमोर धरून बघायची. घडीच्या रेषा आणि बसायचा भाग विरलेला असतो. पदराकडचं कापड सहसा टिकलेलं. दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर चर्र झालं तर तो तुकडा वर नको, आतल्या थरात चालेल. नवं कापड घ्यावंच लागलं तर आधी धुवायचं आणि ओलं असताना पांढऱ्या फडक्याने घासून बघायचं. लाल आणि गडद निळा यांवर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. मीठ किंवा व्हिनेगर घालून हल्लीचे रंग पक्के होत नाहीत. जास्तीचा रंग गरम पाण्याने धुऊनच काढावा लागतो, पाणी नितळ होईपर्यंत. पावसाळ्यात कापड वाळायलाच एक दिवस जातो, तेव्हा हे काम पहिल्या दिवशी सकाळीच उरकावं.

टांगण्यासाठी मागे चार इंच रुंद, अकरा इंच लांब पट्टीची नळी करायची आणि वरच्या काठाखाली अर्ध्या इंचावर लपत्या टाक्याने शिवायची, सुई पुढच्या थरात न नेता. फुलांना लूप लावून टांगू नये. वजन कमी असलं तरी सगळी ओढ चार टाक्यांवर येते आणि कोपरे लोंबतात.

मावशी, तुमच्या घरची कामं, शेतातली लावणी आणि त्यात आमचे रात्री नऊनंतरचे फोन. एकदाही “उद्या बघू” म्हणाला नाहीत. आमच्या कामाचे धूसर फोटो मोठे करून बघून कुठला टाका चुकलाय ते नेमकं सांगितलंत. तुमच्या कवंद्या आज प्रदर्शनांतही मांडल्या जातात, ज्ञान राखून ठेवायला कारण होतं. तुम्ही राखलं नाहीत. कामाच्या मागे शिवलेल्या चिठ्ठीवर आम्ही ‘सिद्दी कवंदी पद्धत, हल्याळ’ असं लिहिलं आहे आणि पुढेही लिहू. या रीतीवर शिवलेलं काम विकलं गेलं तर त्यातला वाटा तुमच्या गटाकडे येईल, हेही आमच्यात ठरलं आहे.

सोबत मलमलचे आणि जुन्या नऊवारीचे धुतलेले तुकडे पाठवतो आहोत, फुलांसाठी बारीक वेगळे बांधले आहेत. आणि एक विचारायचं राहिलंय. पुढच्या वेळेचा विषय ‘जत्रा’ आहे, त्यात खणाचे तुकडे घ्यायचा विचार आहे. खण कापला की कडेचे धागे भराभर सुटतात, पाव इंचाची घडी त्याला पुरेल असं वाटत नाही. अर्धा इंच घेतली तर जोड जाड होतो. तुम्ही अशा कापडाला काय करता, सवडीने कळवा.

तुमच्या,
गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणी