गाठीचा क्रमांक कळतो, मजुराची उचल नाही?

महोदय,

कापसाचा हंगाम लागला की आमच्या भागातल्या जिनिंगांत, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांत, बाहेरगावचे मजूर येतात, तेही बहुतेक ठेकेदाराची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन. उचल घेणे हा गुन्हा नव्हे. पण आधार कार्ड ठेकेदाराच्या ताब्यात, हिशेबाची वही त्याच्याच खिशात आणि उचल फिटल्याशिवाय गावी जायचे नाही, ही सरळसरळ वेठबिगारी आहे. सरकी भरणाऱ्या एका बाईने "दादा, माझे किती फिटले?" असे विचारले, तर उत्तर मिळाले, "हंगाम संपल्यावर पाहू."

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दच ठरते. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमणेही त्यात आहे. या समित्या हंगामात जिनिंगवर दिसाव्यात, एवढी साधी अपेक्षा आहे.

आपल्या सुताचे कपडे परदेशातही जातात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतली गुलामगिरी रोखण्यासाठी काय केले, याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागते. मात्र कंपन्यांची तपासणी बरेचदा शिलाई कारखान्याशीच थांबते. गाठीवरच्या क्रमांकावरून जिनिंग सापडते, मग तिथवर यायला अडचण कसली? कंपन्यांनी ऐन हंगामात यावे, ठेकेदाराला बाजूला ठेवून मजुरांशी त्यांच्या भाषेत बोलावे, मजुरी थेट बँक खात्यात जमा करायला लावावी. आणि गैरप्रकार आढळला म्हणून लगेच खरेदी तोडू नये, आधी मजुरांचे पैसे चुकते करवून घ्यावेत. नाहीतर त्यांचा रोजगारही जातो.

– एक कापूस उत्पादक, ता. वणी, जि. यवतमाळ