रविवारच्या सुवार्ता-प्रार्थनेबद्दल

प्रिय बंधुभगिनींनो, येत्या रविवारी उपासनेनंतर लगेच निघू नका. सुवार्ताकार्यासाठी, म्हणजे येशूची शुभवार्ता लोकांपर्यंत नेण्याच्या कामासाठी, अर्धा तास प्रार्थना आहे. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13 वाचून या. अंत्युखिया या प्राचीन शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत कुप्रचा (सायप्रसचा) बर्णबा, कुरेनेचा लूक्य, तार्सचा शौल (म्हणजेच पौल) असे ठिकठिकाणचे लोक होते. त्यांनी उपास करून, प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल या दोघांना दूर पाठवलं.

दूरच्या लोकांत जायचं तर आधी त्यांची भाषा शिकायची, त्यांच्याजवळ बसून पुष्कळ ऐकायचं. मात्र शेजारचं दार ओलांडून दूर धावणं मला पटत नाही. म्हणून प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावं आणावीत: एक शेजाऱ्याचं, दुसरं ज्यांच्या भाषेत अजून बायबल नाही अशा एखाद्या लोकसमूहाचं. मुलांनाही जरूर थांबवा.