जर्मनीचा पगार रुपयात मोजू नका

संपादक साहेब, नमस्कार.

2024 मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत कुशल कामगारांचा करार केला तेव्हापासून पेपरात सारखं वाचतोय, नर्स पाहिजेत, इलेक्ट्रिशियन पाहिजेत, ड्रायव्हर पाहिजेत, आणि खाली पगाराचा आकडा थेट रुपयात. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टजवळ, बरीच वर्षं नोकरी करतोय म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे तो आकडा. टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण 60 टक्क्यांच्या आसपास येतात, आणि त्यातला मोठा वाटा घरभाडं खातं (घर मिळालं तर, आणि मिळालेल्या घरात किचन असेलच असं नाही, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले असतात). तरी मी म्हणेन की कापलेले पैसे वाया जात नाहीत. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, दवाखान्यात कुणी आधी डिपॉझिट मागत नाही, सरकारी शाळेला फी नाही, आणि सुट्टी घेतली म्हणून साहेबाचं तोंड वाकडं होत नाही. पाच वर्षं भरली की पेन्शनचा हक्क, आणि भारत-जर्मनी करार 2017 पासून लागू असल्यामुळे उद्या सांगलीत जाऊन राहिलात तरी ती मिळते. ट्रेन वेळेवर असतात ही मात्र अफवा आहे.

आता जे कुणी सांगत नाही ते. इथला कायमचा परवाना, ज्याला सगळे पीआर म्हणतात, तो नावापुरता कायमचा. आधी परवानगी न घेता सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर तो सहसा रद्द होतो. म्हणजे गावी आईचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर तिच्याजवळ राहावंसं वाटलं, तर आधी इथल्या परवान्याच्या सरकारी ऑफिसात अर्ज करा नाहीतर परत यायचा रस्ता बंद. मग लोक म्हणतात तिला इकडेच आणा ना. 1 मार्च 2024 नंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला त्यांना आईवडिलांना आणता येतं हे खरं, पण त्यांचा हेल्थ इन्शुरन्स दाखवावा लागतो आणि सत्तरीतल्या, शुगर-बीपी असलेल्या माणसाला तो कोण देणार आणि कितीला देणार, हे विचारून बघा एकदा. बाकीच्यांच्या आईवडिलांना व्हिजिटर व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस, बस.

या कटकटीतून सुटायचा मार्ग म्हणजे जर्मन पासपोर्ट. 2024 च्या कायद्यापासून तो पाच वर्षांत मिळू शकतो आणि जर्मनीला तुमच्या जुन्या पासपोर्टचंही काही वाटत नाही, पण आपला देश दोन नागरिकत्वं मानत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येऊन राहण्यासाठी मिळणारं कार्ड) घ्यायचं. मतदान गेलं. वडिलांची शेती वारसाने येते पण शेजारचा दोन एकराचा तुकडा विकायला निघाला तर तो घेता येत नाही, आणि हा नियम भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयलाही आहे. शेतकरी घरातल्या मुलाला हे आधी माहीत असायला नको का? आयटीवाल्याला फरक पडत नसेल, पण या करारातून जाणारी बरीच पोरं गावाकडची आहेत आणि त्यांचा प्लॅन "पाच वर्षं कमवू आणि परत येऊन जमीन घेऊ" असाच असतो. येऊन घ्या, काहीच अडचण नाही, पण खरंच परत आल्यावर.

मुलांचंही बघा. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरतं की मूल कॉलेजच्या वाटेच्या शाळेत जाणार की दुसरीकडे. घरात कुणालाच जर्मन येत नसेल तर त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराने एकट्याने किती लढायचं. ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून जर्मनच्या बी1 या मधल्या पातळीलाच थांबलेले कितीतरी जण ओळखीचे आहेत, शाळेच्या पालकसभेला गप्प बसून येतात.

यायचं असेल तर जरूर या, मी स्वतः तरी अजून परत निघालेलो नाही. पण सरकार या मुलांना जर्मन शिकवायचं म्हणतंय तर त्याच वर्गात एक दिवस परवाना, पासपोर्ट, इन्शुरन्स आणि जमिनीच्या नियमांवरही ठेवावा, आणि आईवडिलांनाही त्या दिवशी बोलवावं. आपल्या पेपरनेही पुढच्या बातमीत पगाराच्या आकड्याशेजारी हातात येणारा आकडा छापावा, एवढी विनंती.

– एक वाचक, स्टुटगार्टजवळून