आधी बोलून घे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर "आई, सोडली नोकरी" म्हणालास आणि मग आपण दोघंही थोडा वेळ गप्पच होतो. आतल्या खोलीत बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मला आनंदही झाला होता आणि पोटात गोळाही आला होता. सहा वर्षं तू त्या स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढे दिवसाला साठ-सत्तर कपड्यांचे फोटो काढलेस: समोरून, मागून, बाजूने, मग बटणाचा क्लोजअप. तुझा हात त्याने पक्का झाला हे खरं. पण गेली दोन वर्षं घरी आलास की कॅमेरा बॅगेतून बाहेरसुद्धा काढत नव्हतास. ते मला दिसत होतं.

तू पाठवलेला नव्या कामाचा करार काल रात्री वाचला. सगळी इंग्रजी साडेतीन पानं, आणि तिसऱ्या पानावर तळाशी ते वाक्य: सर्व फोटो, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे काम देणाऱ्यांचे. तू विचारलंस, "सही करू ना? सगळे करतात." सही करण्याआधी हे पत्र वाच. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं.

मी 1988 मध्ये जे.जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडले. तीन वर्षं एका फोटोग्राफरकडे असिस्टंट होते, म्हणजे दिवे उचलणं, फिल्म भरणं, पोलरॉइड बगलेत धरून गरम करणं. 1991 पासून स्वतंत्र काम करायला लागले. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गौतम राजाध्यक्ष होते. मराठी माणूस फॅशनच्या आणि सिनेमाच्या जगात जाऊन चेहऱ्यांवर असा प्रकाश टाकतो, ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. त्यांनीही आधी जाहिरात संस्थेत बरीच वर्षं काढली होती आणि मग नोकरी सोडली होती. तेव्हा उशीर झाला असं मनात आणू नकोस.

मला प्रकाश कळत होता, कापड कळत होतं. पैशाचं बोलणं तेवढं जमत नव्हतं. आपल्या घरात पैसा हा विषय जेवताना काढायचा नाही, पाहुण्यांसमोर काढायचा नाही, आणि काम देणाऱ्यासमोर तर नाहीच, अशीच शिकवण होती. "तुम्ही द्याल ते" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन! ते बोलताना नम्र वाटायचं. त्याची किंमत मला 1998 मध्ये कळली.

तू दीड वर्षाचा असताना मी एका साड्यांच्या दुकानासाठी पैठण्यांचं काम केलं होतं. पैठणीचा फोटो काढणं फार अवघड. समोरून प्रकाश टाकला की सोनेरी जर पांढरीफटक पडते आणि पदरावरचे मोर दिसेनासे होतात. रेशीमही दोन रंगांच्या धाग्यांचं, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे कोन जरा बदलला की साडीचा रंगच बदलतो. मी बाजूला चार फुटांची बटरपेपरची चौकट उभी केली, त्यामागे एकच दिवा, आणि पलीकडून प्रकाश परतवायला थर्माकोलचा बाउन्स. सकाळी नऊला सुरू केलं. चारच्या सुमाराला पदराच्या घडीवरून प्रकाश असा सरकत गेला, की मोराच्या गळ्यातला हिरवा आणि निळा वेगवेगळे दिसायला लागले. एका रोलवर दहा फ्रेम. असे सहा रोल काढले, सगळे ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे निगेटिव्ह नाही, थेट रंगीत चित्र उमटणारी फिल्म. तिथे प्रकाशाचं माप अर्धा स्टॉप चुकलं तरी फ्रेम गेली. लॅबमधून आल्यावर लाइटटेबलवर लूप, म्हणजे भिंग, लावून पाहिलं आणि मला रडूच आलं, इतकं ते मनासारखं झालं होतं.

सहा हजार रुपये मिळाले. साठही फ्रेम मी पाकिटात घालून देऊन टाकल्या. कागद नाही, पावती नाही, आणि माझ्याकडे एक प्रतसुद्धा ठेवली नाही.

मग 1998 च्या पावसाळ्यात तुला कडेवर घेऊन मी बसने दादरच्या टिळक पुलावरून चालले होते. समोर होर्डिंग दिसलं. माझाच फोटो, आणि तो उलटा छापलेला. ट्रान्सपरन्सी उलटी ठेवून स्कॅन केली की असं होतं. पदर उजव्या खांद्यावर गेला होता, निऱ्या उलट्या पडल्या होत्या. एवढ्या मोठ्या फोटोत बाईने साडी चुकीची नेसलेली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दोन वर्षांनी तोच फोटो वापरताना मला विचारायला हवं, निदान दाखवायला हवं, असंही कुणाला वाटलं नव्हतं. घरी येऊन मी दुकानात फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "बाई, आम्ही पैसे दिले होते ना?"

त्यांचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, तुला माहीत असायला हवं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणाराच त्या फोटोचा कर्ता आहे. पण त्याच कायद्यात पुढे असंही आहे की, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार केलेला नसला, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. स्वतंत्र लेखकाने मासिकासाठी लेख लिहिला तर लेख त्याचाच राहतो. फोटोचं तसं नाही. म्हणजे तू गप्प राहिलास तर तो फोटो गेलाच. करारात "कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, अमुक वापरासाठी, अमुक काळापुरती परवानगी" एवढं आलं, की तो तुझा राहतो. एका ओळीचा प्रश्न आहे, पण ती ओळ काम सुरू होण्याआधी यावी लागते.

आणि हक्क द्यायचेच असतील, तर मुदत आणि प्रदेश लिहून घे. कायद्याने हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तुझ्या कागदात "जगभर" आणि "कायमचे" हे शब्द इतके नेमके घातलेत. ज्याने तो कागद लिहिला त्याला कायदा ठाऊक आहे. कायमचेच हवे असतील तर त्याची किंमत वेगळी, हे त्यांना सांग. एक वर्षाची आणि फक्त त्यांच्या वेबसाइटपुरती परवानगी दिलीस तर तुझ्या आकड्यात ठीक आहे. होर्डिंगचे पैसे वेगळे. हे मागणं अजिबात उद्धटपणाचं नाही. माझ्या अनुभवात नीट बोललं की दहातले सहा-सात लोक मान्य करतात. उरलेल्यांचं काम कधी घ्यावं लागतं, घरभाडं थांबत नाही. पण तेव्हा आपण काय देतोय हे आपल्याला माहीत असतं.

आता नाटकाच्या फोटोंबद्दल. तू लहानपणी वैतागायचास, "आई, त्याचे तर पैसेपण मिळत नाहीत." खरंच मिळत नव्हते. जे.जे.त असताना दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं पाहायची सवय लागली. पुढे हातात कॅमेरा आला तेव्हा ओळखीच्या संस्थांच्या रंगीत तालमींना जायला लागले. त्यांच्याकडे प्रकाशयोजनेलाही पैसे नसायचे, मला कुठून देणार? कमी प्रकाशात भागावं म्हणून चारशेची फिल्म सोळाशेला ओढायची, शटरचा आवाज होऊ नये म्हणून कॅमेऱ्याला बाबांचा मफलर गुंडाळायचा आणि पहिल्या रांगेत खाली बसायचं. रात्री घरी येऊन बाथरूममध्ये फिल्म धुवायची. तू झोपलेला असायचास आणि दोरीवर ओल्या निगेटिव्ह लटकत असायच्या.

त्यात एक फ्रेम आहे, तुला माहीत आहे, आपल्या हॉलमध्ये लावलीय. विंगेत उभी असलेली ती ज्येष्ठ नटी. एन्ट्रीला मिनिटभर असेल. एका हातातल्या बांगड्या तिने दुसऱ्या हाताने गच्च धरल्यात, वाजू नयेत म्हणून. रंगमंचावरून येणारा प्रकाश फक्त त्या हातांवर आणि अर्ध्या गालावर आहे. पुढे बाई गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी तो फोटो मागितला, नंतर दिवाळी अंकांनी, मग एका पुस्तकासाठी. दरवेळी मला नावासह श्रेय मिळालं, थोडेफार पैसेही मिळाले. आणि हे सगळं कशामुळे? त्या फोटोचा मोबदला मला कुणी दिला नव्हता, म्हणून कायद्याने तो पहिल्यापासून माझाच होता. ज्या कामाचे पैसे घेतले त्यातलं माझ्याकडे काही उरलं नाही, आणि फुकट केलेलं मात्र जसंच्या तसं कपाटात आहे, यावर मी कितीतरी रात्री विचार केलाय. ते कपाट तुझंच आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदलतोस ना, तसंच पुढेही करत राहा. निळी पुडी गुलाबी झाली की तिने पाणी प्यायलंय असं समज.

पैशांबद्दल थोडंच सांगते, बाकीचं बाबा सांगतील. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे, ऑनलाइन होते, फी नाही. तुझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत भागवायचं असं छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक छापलास की फोन करायची वेळ कमी येते. निम्मी रक्कम आगाऊ घे. दिवे भाड्याने येतात, त्यांच्याबरोबर लाइटमन येतात, त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी द्यावे लागतात. ते तुझ्या खिशातून जायला नकोत. फीमधून कापलेला टीडीएस तुझ्या पॅनवर जमा झालाय का, ते तपासत जा. दिवाळीच्या मोहिमा आषाढ-श्रावणात शूट होतात, तेव्हा हातात पैसा येतो. त्यातला उन्हाळ्यासाठी बाजूला ठेव. आमच्या घरात महिन्याच्या एक तारखेला बाबांचा बँकेचा पगार यायचा, म्हणून मी एप्रिल-मे काढू शकले. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुझ्या घरात असा दुसरा पगार नाही, म्हणून तुला माझ्यापेक्षा जास्त सांभाळून राहावं लागेल.

आता जे सांगतेय ते आई म्हणून आणि याच व्यवसायात काम केलेली बाई म्हणून. तुझ्यापुढे रोज मुली उभ्या राहतील, काही जणी एकोणीस-वीस वर्षांच्या, पहिल्यांदाच मुंबईत आलेल्या. त्यांना स्पर्श करून पोझ सांगायची नाही. ओढणी सरकली तर स्टायलिस्टला बोलवायचं, तुझा हात कॅमेऱ्यावरच. कपडे कोणते, किती उघडे, फोटो कुठे छापणार, हे तिला आदल्या दिवशी कळलेलं असलं पाहिजे. सेटवर पंधरा माणसांसमोर विचारलं की तिला नाही म्हणताच येत नाही. मी त्या वयाच्या कितीतरी मुलींचे चेहरे लेन्समधून अगदी जवळून पाहिलेत. हो म्हणत असतात आणि गळ्याची शीर ताठलेली असते. ती दिसली की थांबायचं.

रंगाचंही तसंच. क्लायंट सांगेल, जरा उजळ कर. मी सुरुवातीला करायचे. अर्धा स्टॉप जास्त द्यायचा, समोर पांढरा बोर्ड धरायचा. एकदा विदर्भातल्या एका मुलीला तिचा छापून आलेला फोटो दाखवला. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "ताई, आई मला ओळखणार नाही यात." त्यानंतर मी बोलणीच्या वेळीच सांगायला लागले, रंग आहे तोच राहील. सावळ्या कातडीवर बाजूने मोठा मऊ प्रकाश टाकून बघ, गालाच्या हाडावर जी चमक येते ती दुसऱ्या कशावर येत नाही. काही कामं त्यामुळे गेली. गेली तर गेली.

पत्राबरोबर पार्सल पाठवतेय. त्यात एक गडद हिरवी चादर आहे, चार कोपऱ्यांना पितळी हुक लावलेली. 1993 मध्ये मढच्या किनाऱ्यावर शूट होतं आणि मॉडेलला कपडे बदलायला आडोसाच नव्हता. ती खडकामागे गेली, तर वर कठड्यावर माणसं जमली. मी मेकअपदादांना पाठ करून उभं केलं आणि त्यांच्या-माझ्या हातांत टॉवेल धरून कसंतरी भागवलं. घरी आल्यावर आजीकडून ही चादर शिवून घेतली आणि त्यानंतर एकाही आउटडोअरला ती घेतल्याशिवाय गेले नाही. झाडाला, गाडीच्या दाराला, लाइटस्टँडला, कुठेही अडकते. धुऊन, उन्हात वाळवून ठेवलीय. एका कोपऱ्याचा हुक सैल झालाय, माझी नजर आता सुईत दोरा ओवायला पुरत नाही. गुरुवारच्या शूटआधी तेवढा शिवून घे.

तुझी,
आई