माईकशिवाय एक फेरी तरी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नातीच्या गायनस्पर्धेला गेले होते. नऊ वर्षांची पोर, आणि स्पीकर असे की हातातला चहा थरथरत होता. (तानपुरा मोबाइलमधला होता, ते जाऊ द्या.) घरी येऊन लिओन्टिन प्राइस यांची ‘आयदा’ लावली; ऑपेरा आहे तो, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक. अमेरिकेत मिसिसिपीतल्या लॉरेल गावची ही सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका. वडील लाकडाच्या गिरणीत, आई सुईण. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा गायल्या, तेव्हा टाळ्या चाळीस मिनिटांच्या वर चालल्या म्हणतात. १९६६ मध्ये तिथलं नवं सभागृह उघडलं, तेही त्यांच्याच गाण्यानं. जवळपास ३,८०० खुर्च्या, समोर अख्खा वाद्यवृंद, आणि गळ्यापुढे माईक नाही! सारी मदार श्वासावर आणि आवाजाच्या फेकीवर. १९८५ मध्ये ‘आयदा’ गाऊनच त्यांनी ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला, गळा शाबूत असताना.

आपल्याकडे मुलं आधी माईक धरायला शिकतात, दमसास नंतर. नाशिकच्या आयोजकांनी निदान एक फेरी माईकशिवाय ठेवावी. छोटं सभागृह चालेल. पंखे तेवढे बंद करा.

– एक निवृत्त संगीत शिक्षिका, पंचवटी, नाशिक