वासोट्याच्या परतीच्या बोटीबद्दल वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर आधी शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडावा लागतो. बामणोलीहून बोटीने साधारण दीड तास, मेट इंदवलीच्या चौकीवर नोंद, मग दाट जंगलातून अडीच-तीन तासांची चढण. कोयना अभयारण्यात मुक्कामाला बंदी, म्हणून त्याच दिवशी, त्याच बोटीने परत. ही बंदी योग्यच आहे. घोळ वेळेचा आहे.

बोट आठला सुटली तर साडेनऊला पलीकडचा काठ, दहाला चौकी, एकपर्यंत माथा. पाऊण तास गडावर, उतरायला दोन तास. चारला बोटीत, साडेपाचला बामणोली. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे हाताशी उरला अर्धा तास. सुट्टीच्या दिवशी परवान्याच्या रांगेमुळे बोट साडेदहाला निघाली की उतारावर पळापळ होते, पाचोळ्याखालच्या सुट्या दगडांवर घोटे मुरगळतात आणि अर्ध्याहून जास्त पाणी अंधारात कापावं लागतं. परवाने आदल्या दिवशीच द्यावेत आणि साडेआठनंतर वासोट्यासाठी बोट सोडू नये. जवळचं नागेश्वराचं गुहामंदिर जोडायचं असेल तर बोट त्याहून लवकरची हवी.

अंधाराची एवढी धास्ती कशासाठी? कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवलं जातं, त्यामुळे पावसाळ्यानंतर पातळी उतरत जाते. बुडालेल्या झाडांचे खुंट, घरांची जोती वर येऊ लागतात. दिसतात ती टाळता येतात. वीतभर पाण्याखाली राहतात ती नडतात. बोटीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा खुंटावर आदळला की अनेक इंजिनांत पंख्याला दांड्याशी जोडणारी शिअर पिन तुटते. गिअर वाचावा म्हणून ती मुद्दाम कमजोर केलेली असते. इंजिन किंचाळतं, बोट मात्र हलत नाही आणि वारा तिला लाटांना आडवी करतो. पिन बदलणं थोड्या मिनिटांचं काम, पण सुटी पिन, पंखा अडकवून ठेवणारी कॉटर पिन आणि पक्कड बोटीत असेल तरच. तोवर बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरायला दोन वल्हीही हवीत. खुंट कुठे आहेत हे स्थानिक बोटवाल्यांना तोंडपाठ असतं. त्यांना मजुरी देऊन तिथे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, बांधून घ्या आणि रोजची जलपातळी बामणोलीच्या धक्क्यावर फळ्यावर लिहा.

काठाचं दुखणं वेगळं. ऑक्टोबरात जिथे उतरतो ती जागा मार्चमध्ये पाण्यापासून लांब गेलेली असते आणि मधल्या पट्ट्यात गाळ. वरून वाळून तडकलेला, म्हणून घट्ट वाटतो. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत रुततो. कृपा करून इथे काँक्रीटचा धक्का बांधू नका. तो निम्मा हंगाम पाण्यात राहील, निम्मा हंगाम हवेत. पिंपांवरचा तरंगता फलाट, त्याला बिजागरीची फळी, आणि पाणी उतरेल तसा दर आठवड्याला सरकवायला दोन माणसं, एवढ्यात भागतं.

जीवरक्षक जाकिटं बोटीत असून भागत नाही, ती अंगात हवीत. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढावं. हनुवटीशी आलं तर माप मोठं आहे. मुलांची जाकिटं वजनाप्रमाणे वेगळी ठेवावी लागतात. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली बोटींची नोंदणी आणि तपासणी होते. ठरलेली माणसं किती, हा आकडा बोटीच्या कुशीवर ठळक रंगवायला लावा, आणि त्यात बोटवालाही धरा.

चौकीवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात, हे उत्तमच. माणसंही तशीच मोजा: जाताना बोटीच्या क्रमांकासमोर नावं, परतताना त्याच क्रमांकासमोर खूण, आणि साडेचारला चौकीवरून बामणोलीला वायरलेसने उरलेल्यांचा आकडा. मोबाइलच्या रेंजवर इथे विसंबता येत नाही.

खर्च प्रवेशशुल्कातून काढावा, बोटवाल्यांच्या माथी मारू नये. त्यातली कित्येक घरं याच धरणाने उठवलेली आहेत. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. बोये, फलाट आणि वायरलेस त्या महिन्यांत तयार करून ऑक्टोबरच्या पहिल्या बोटीआधी बसवून द्यावेत, ही विनंती.

आपले,
सह्याद्रीत पायी आणि बोटीने हिंडणारे काही जण