आमच्या अंगणात बसून चहा घेणाऱ्या आशा स्वयंसेविका ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट मराठवाड्यातल्या आमच्या गावापर्यंत पोहोचली, तेव्हा तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्याने मामंजींना दारातूनच परत पाठवले, जिल्ह्याच्या ठिकाणी ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत रात्र उलटली आणि शेवटी त्यांचे मुखदर्शनही आम्हांला घडले नाही. रेमडेसिव्हिरसाठी माणसे गावोगाव फिरत होती, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले होते; त्यामुळे खाटेचा दोष कुणा एकाला देता येत नाही. मात्र नंतर गाव आमच्याशी जसे वागले, त्याला साथीचे कारण पुरत नाही. विलगीकरणाची मुदत संपली, सासूबाई बऱ्या झाल्या, तरी डेअरीवर आमच्या दुधाची किटली बाजूला सारली जाई, आणि मामंजी ज्यांच्या अडीनडीला धावून गेले तीच माणसे आमची गल्ली टाळत.

ऑक्सिमीटर लावणे, ताप मोजणे, गोळ्या पोहोचवणे हे तुमचे कामच होते, असे तुम्ही म्हणाल. पण त्या सकाळी रस्त्यावरून सर्वांना दिसेल अशा जागी तुम्ही अंगणात बसलात आणि 'मावशी, आज नुसत्या दुधाचाच चहा करा,' असे सासूबाईंना मुद्दाम मोठ्याने सांगितलेत. येणारे-जाणारे थबकून पाहत होते आणि तुम्ही सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत तो चहा घेतलात. त्यानंतर डेअरीवर आमचे दूध पुन्हा घेऊ लागले. मामंजी गेल्यापासून दगडासारख्या बसून राहिलेल्या सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. माणुसकी अजून शाबूत आहे, हे आम्हांला तेव्हा कळले.

ज्या देशाने २२ मार्च २०२० ला आरोग्यसेवकांसाठी थाळ्या वाजवल्या, त्याच देशात कोरोनाच्या जोखमीच्या कामासाठी केंद्राने आशांच्या हातावर महिन्याला हजार रुपये ठेवले, आणि जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले, याची आम्हांला लाज वाटते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तुम्हां सर्वांचा गौरव केला, त्या बातमीचे कात्रण सासूबाईंनी जपून ठेवले आहे. आशांना नियमित वेतन मिळावे, असा ठराव आम्ही येत्या ग्रामसभेत मांडत आहोत. त्यासाठीच्या अर्जावर पहिली सही सासूबाईंचीच आहे.

आपल्या ऋणात,
गावातली एक सून